खेप, कायदा आणि कॅब : ‘हेल ड्रायव्हर्स’ या चित्रपटातील युद्धोत्तर ब्रिटनची मालवाहतूक

प्रास्ताविक

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ब्रिटिश चित्रपटांचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने दोन प्रवाहांकडे जाते. ईलिंग स्टुडिओचे विनोदी चित्रपट हा त्यांपैकी एक आणि १९५९ च्या सुमारास सुरू झालेला कामगारवर्गीय वास्तववाद हा दुसरा. या दोहोंच्या मधल्या काळात जे थरारपट निर्माण झाले, त्यांची गणना बहुधा निव्वळ करमणुकीत केली जाते. १९५७ साली प्रदर्शित झालेला ‘हेल ड्रायव्हर्स’ हा त्याच वर्गातला चित्रपट. त्याचे दिग्दर्शन साय एन्डफील्ड यांनी केले असून जॉन क्रूझ यांच्या कथेवरून दोघांनी मिळून पटकथा लिहिली आहे. कृष्णधवल छायाचित्रण जेफ्री अनस्वर्थ यांचे आहे. स्टॅन्ली बेकर, हर्बर्ट लोम, पॅट्रिक मॅगूहन, विल्यम हार्टनेल, पेगी कमिन्स यांच्या प्रमुख भूमिका आहेत. तेव्हा फारसे कोणाला माहीत नसलेले शॉन कॉनरीही चालकांच्या घोळक्यात दिसतात. पुढे त्यांना मिळालेल्या कीर्तीमुळे आज अनेक प्रेक्षक केवळ त्यांना शोधण्यासाठी हा चित्रपट पाहतात, हे या कलाकृतीचे दुर्दैवच म्हटले पाहिजे.

या चित्रपटाचा विषय खडी वाहणाऱ्या ट्रकचालकांचे जीवन हा आहे. युद्धोत्तर ब्रिटनमधील रस्त्यावरील मालवाहतूक, तिला बांधून ठेवणारे कायदे आणि त्या कायद्यांनी घडवलेली वाहनांची रचना यांची पार्श्वभूमी लक्षात घेतल्याशिवाय ‘हेल ड्रायव्हर्स’चे योग्य मूल्यमापन होऊ शकत नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. चित्रपटाची कथा एका गोष्टीला दोष देते आणि पडद्यावर सतत धावणारा ट्रक दुसऱ्याच गोष्टीकडे बोट दाखवतो. ही विसंगती दिग्दर्शकाला पूर्णपणे सांधता आलेली नाही. तथापि, चित्रपटाचे आजचे महत्त्व नेमके तिच्यातच आहे.

कथानक आणि त्यातील गुन्हेगार

टॉम येटली हा नुकताच तुरुंगातून सुटलेला तरुण हॉलेट्स या कंपनीच्या आगारात कामाला लागतो. खाणीपासून बांधकामाच्या जागेपर्यंत दहा मैल खडी वाहायची आणि रिकामी गाडी घेऊन परतायचे, असे हे काम आहे. वेतन खेपेवर आहे. दिवसाला किमान बारा खेपा झाल्याच पाहिजेत, न झाल्यास काम गेले. रेड हा मुकादम एक क्रमांकाचा ट्रक चालवतो आणि दिवसाला अठरा खेपांचा उच्चांक त्याच्या नावावर आहे. त्याला मागे टाकणाऱ्याला सोन्याची सिगारेट-केस मिळणार, असे आमिष सर्वांपुढे ठेवलेले आहे. टॉमच्या वाट्याला तेरा क्रमांकाची गाडी येते. आगारात त्याला एकच खरा मित्र मिळतो, तो म्हणजे युद्धकैदी म्हणून ब्रिटनमध्ये आलेला आणि तेथेच राहिलेला इटालियन चालक जीनो. टॉमला मदत करण्याच्या प्रयत्नात जीनोवरच टॉमसाठी योजलेला अपघात ओढवतो आणि त्यात त्याचा मृत्यू होतो. पुढे उघड होते ते असे : कंपनी जितक्या चालकांचे पैसे देते, त्यापेक्षा पाच चालक कमी ठेवून व्यवस्थापक कार्टली आणि रेड ती रक्कम आपसांत वाटून घेत असतात. कमी माणसांकडून पूर्ण काम उरकून घ्यावयाचे असल्यानेच हा जीवघेणा वेग. शेवटी रेड आणि कार्टली यांचा ट्रक कड्यावरून कोसळतो.

कथानकाची ही उकल बारकाईने पाहण्यासारखी आहे. तिच्यानुसार चालकांची पिळवणूक हा एका भ्रष्ट व्यवस्थापकाचा उद्योग ठरतो आणि हॉलेट्स ही कंपनी स्वतःच फसवली गेलेली, म्हणजे चालकांइतकीच बळी ठरते. कंपनीचे मालक पडद्यावरील संघर्षात कोठेही नाहीत. खेपेवर वेतन देण्याची पद्धत कोणी ठरवली, ती पाच माणसे कामावर असती तर बारा खेपांची अट किती खाली आली असती, हे प्रश्न कथेला पडत नाहीत. गुन्हेगार मेला, हिशेब मिटला. चालकांची संघटनाही कथेला निर्णायक वळण देत नाही. वास्तविक १९३८ च्या कायद्याने भाड्याने माल वाहणाऱ्या चालकांचे वेतनदर ठरवणारी अधिकृत यंत्रणा ब्रिटनमध्ये उभी केली होती. चित्रपटातील आगारात मात्र त्या यंत्रणेची सावलीही पडत नाही.

या ठिकाणी आँरी-जॉर्ज क्लूझो यांच्या ‘द वेजेस ऑफ फिअर’ (१९५३) या फ्रेंच चित्रपटाची आठवण होणे अपरिहार्य आहे. तेथेही ट्रक आहेत, जीव धोक्यात घालणारे चालक आहेत. परंतु नायट्रोग्लिसरीन वाहून नेण्याचा सौदा करणारी अमेरिकन तेल कंपनी तेथे ठसठशीतपणे समोर उभी आहे. चालक मेले तरी त्यांच्यामागे दावा सांगणारे कोणी नाही, म्हणूनच त्यांची निवड झाली आहे, हे क्लूझो लपवत नाहीत. ज्यूल्स दासँ यांच्या ‘थीव्ह्ज हायवे’ (१९४९) मध्ये फळे वाहणाऱ्या ट्रकचालकाला बाजारातील दलाल लुबाडतो. तेथेही दोष अखेर एका व्यक्तीवर येतो. एन्डफील्ड यांचा चित्रपट या दोहोंच्या मध्ये कोठेतरी थांबतो. एन्डफील्ड हे मूळचे अमेरिकेचे. तेथील साम्यवादविरोधी चौकशीत १९५१ साली त्यांचे नाव पुढे आल्यावर काम मिळणे अशक्य झाले आणि ते ब्रिटनमध्ये आले. ‘हेल ड्रायव्हर्स’च्या श्रेयनामावलीतही त्यांचे नाव ‘सी. रेकर एन्डफील्ड’ असे किंचित बदलून आले आहे. नाव झाकून काम करणाऱ्या दिग्दर्शकाने मालकवर्गावर उघड बोट ठेवले नाही, याबद्दल त्याला दोष देताना ही परिस्थिती ध्यानात घेतली पाहिजे. मात्र त्यामुळे कथेतील पळवाट ही पळवाट राहत नाही, असे नव्हे.

राष्ट्रीयीकरणाचा प्रश्न

चित्रपटाचा काळ पाहता त्याला राजकीय अर्थ देण्याचा मोह सहज होतो. १९४७ च्या वाहतूक कायद्याने मजूर पक्षाच्या सरकारने लांब पल्ल्याची मालवाहतूक ताब्यात घेतली. ‘ब्रिटिश रोड सर्व्हिसेस’ या नावाने चाळीस हजारांहून अधिक गाड्यांचा ताफा उभा राहिला आणि भाड्याने माल वाहणाऱ्या खासगी गाड्यांना आपल्या ठाण्यापासून २५ मैलांच्या परिघात राहण्याचे बंधन आले. १९५१ साली सत्तेवर परतलेल्या हुजूर पक्षाने १९५३ च्या कायद्याने हे राष्ट्रीयीकरण मागे घेतले व गाड्या विक्रीस काढल्या. सर्व गाड्यांना ग्राहक मिळाला नाही. १९५६ साली विक्री थांबवून सुमारे सोळा हजार गाड्या सरकारी सेवेतच ठेवण्यात आल्या. अशा वातावरणात १९५७ साली आलेला, खासगी आगारातील अनागोंदी दाखवणारा चित्रपट म्हणजे विराष्ट्रीयीकरणावरील टीका होय, असे वाचन करता येईल.

परंतु हे वाचन टिकत नाही, आणि न टिकण्याचे कारण चित्रपटातच आहे. हॉलेट्सच्या गाड्या एकेरी दहा मैल धावतात. म्हणजे हा धंदा २५ मैलांच्या आतला. १९४७ च्या कायद्याने त्याला कधी स्पर्शच केला नव्हता, त्यामुळे १९५३ साली त्याला मोकळे करण्याचाही प्रश्न नव्हता. खाण, वाळू, खडी, बांधकाम यांच्या भोवतीची ही आखूड पल्ल्याची वाहतूक दोन्ही राजवटींत जशी होती तशीच राहिली. एन्डफील्ड आणि क्रूझ यांनी निवडलेले क्षेत्र असे होते, की ज्याकडे पाहण्याची गरज ना राष्ट्रीयीकरण करणाऱ्यांना वाटली, ना ते मोडणाऱ्यांना. हा निर्णय जाणीवपूर्वक घेतलेला असो वा नसो, संसदेतील मोठ्या वादाच्या खाली जी जागा अंधारात राहिली होती तेथेच कॅमेरा नेऊन ठेवला गेला.

रिकाम्या गाडीचे वजन

आता चित्रपटातील आकडे कायद्याच्या आकड्यांशेजारी ठेवून पाहिले पाहिजेत. समीक्षेत असे त्रैराशिक मांडण्याची प्रथा नाही. पण जो चित्रपट स्वतःच खेपा मोजतो, त्याच्या बाबतीत ते गैर मानू नये.

१९३० च्या रोड ट्रॅफिक कायद्याने मालवाहू गाडीच्या चालकाला दिवसाला ११ तासांपेक्षा अधिक काळ गाडी चालवण्यास मनाई केली होती. वेगाची मर्यादा गाडीच्या वजनावर अवलंबून होती. युद्धोत्तर काळात रिकाम्या गाडीचे वजन तीन टनांपेक्षा जास्त असल्यास ताशी २० मैल, त्याखाली असल्यास ३० मैल, असा भेद होता. जड गाडीच्या मागे ‘२०’ असा आकडा लिहिलेली गोल तबकडी लावावी लागे. चित्रपटातील गाड्या मध्यम आकाराच्या टिपर आहेत. त्यांना ३० मैलांची सवलत मिळत होती असे धरू. वीस मैलांच्या जाण्यायेण्याला ४० मिनिटे लागतील. खडी भरणे, ओतणे, जेवण, वळण, समोरून येणारी गाडी, यांतले काहीही हिशेबात न धरता ११ तासांत सोळा खेपा पूर्ण होतात. रेडचा उच्चांक अठरांचा आहे. २० मैलांच्या मर्यादेने हिशेब केला तर अकराच खेपा होतात आणि किमान बारांची अटच बेकायदा ठरते. म्हणजे ज्या आकड्यावर कथेतील सारी स्पर्धा उभी आहे, तो आकडा कायदा मोडल्याशिवाय गाठताच येत नाही. कार्टलीने पाच चालकांचे वेतन खाल्ले नसते, तरी सोन्याच्या सिगारेट-केसची शर्यत कायद्याच्या चौकटीत बसली नसती.

आगाराबाहेरही हीच स्थिती होती. लंडनहून ग्लासगो हे अंतर सुमारे ४०० मैलांचे. आठ चाकांच्या जड गाडीने कायदा पाळून जायचे म्हटले, तर निव्वळ चालवण्याचेच २० तास होतात, म्हणजे दोन दिवस. व्यवहारात अनेक चालक मर्यादेपेक्षा बरेच वेगाने जात व कामाच्या तासांच्या नोंदी मागाहून जुळवून घेत. कायदा मोडणे हा धंद्याचाच भाग होऊन बसला होता. २० मैलांची मर्यादा ३० वर नेली गेली ती १९५७ साली, म्हणजे ‘हेल ड्रायव्हर्स’ प्रदर्शित झाला त्याच वर्षी.

मात्र अधिक महत्त्वाचा मुद्दा वेगाच्या आकड्याचा नसून तो कशावर ठरवला गेला याचा आहे. वेगमर्यादा आणि वार्षिक कर या दोन्ही बाबतींत ब्रिटिश कायदा रिकाम्या गाडीचे वजन पाहत असे. भरलेल्या गाडीच्या एकूण वजनावर बंधने होती हे खरे, पण रोजच्या व्यवहारात गाडीमालकाला कर वाचवायचा असे, वेगाची सवलत मिळवायची असे, आणि त्यासाठी त्याला हवी असे ती हलकी गाडी. उत्पादकांनी ती दिली. बेडफर्ड, डॉज, कॉमर, फोर्ड यांच्या स्वस्त, मोठ्या संख्येने बनणाऱ्या गाड्यांची चौकट याच गणिताने बारीक होत गेली. तीन टनांच्या आत राहणाऱ्या गाडीवर सहा-सात टन माल लादता यावा, ही खरेदीदाराची अपेक्षा असे. त्यात वाळू-खडीसारखा माल असा, की फावड्याच्या दोन फटकाऱ्यांनी टनाचा फरक पडतो. ब्रेक, स्प्रिंगा आणि टायर यांच्यावर जो ताण येई त्याचा विचार कर आकारणाऱ्या कोष्टकात नव्हता. गाडीवर तिच्या भारवहनक्षमतेची पाटी ठोकणे आणि दरवर्षी तिची तपासणी करून घेणे हे १९६७ च्या रोड सेफ्टी कायद्यानंतरच सक्तीचे झाले.

कॅबमधील माणूस

चित्रपटात ज्या गाड्या दिसतात त्या लंडनमधील क्यू येथे बनणाऱ्या डॉज गाड्या. त्यांच्या पुढच्या भागाच्या आकारावरून ब्रिटिश चालक त्यांना ‘पोपटनाकी’ अशा अर्थाच्या नावाने ओळखत. हीच कॅब थोड्याफार फरकाने लेलँडच्या कॉमेटवर आणि फोर्डच्या थेम्स गाड्यांवरही बसवली जाई. ब्रिग्ज या एकाच कारखान्यातून ती सर्वांना पुरवली जात होती. डॉज आणि लेलँड ही दोन्ही नावे मराठी वाचकाला परकी नाहीत. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये डॉज आणि फार्गो ट्रक तयार होत, आणि लेलँडची कॉमेट मद्रासजवळच्या एन्नोर येथून अशोक लेलँडच्या नावाने भारतभर पोहोचली.

युद्धोत्तर ब्रिटिश ट्रकच्या रचनेत कॅबला नेहमीच शेवटचे स्थान मिळाले. एकसंध चौकटीच्या गाडीची लांबी कायद्याने ३० फुटांवर बांधलेली होती. माल ठेवण्याची जागा वाढवायची, तर कॅब पुढे ढकलून इंजिनाच्या शेजारी बसवावी लागे. त्यामुळे चालक आणि त्याचा साथीदार यांच्या मध्ये इंजिनाचा उंचवटा, उन्हाळ्यात त्याची आच, बाराही महिने त्याचा आवाज. हिवाळ्यात मात्र तेवढीच ऊब, कारण कित्येक गाड्यांत हीटर नसे आणि ओव्हरकोट घालूनच गाडी हाकावी लागे. जड गाड्यांच्या कॅब अ‍ॅश लाकडाच्या सांगाड्यावर पत्रा ठोकून हाताने बांधल्या जात. इंजिनाच्या बाबतीत ब्रिटिश अभियंत्यांनी जी निष्ठा दाखवली, ती विलक्षण होती. गार्डनर कंपनीचे सहा सिलिंडरांचे ‘६ एलडब्ल्यू’ डिझेल इंजिन ११२ अश्वशक्तीचे; ते तेल कमी खाई, वर्षानुवर्षे चाले, आणि ते मिळवण्यासाठी ट्रक बनवणाऱ्यांना वाट पाहावी लागे. पण हेच इंजिन भरलेल्या २२ टनी गाडीला बसवले म्हणजे एका टनाला पाच अश्वशक्ती मिळे. उत्तर इंग्लंडमध्ये ए-६ मार्गावरील सुमारे १,४०० फूट उंचीचा शॅपचा घाट चढताना अशी गाडी माणसाच्या चालीने जाई. यंत्र अत्यंत काटकसरी होते, आणि ती काटकसर चालकाच्या वेळेतून व पाठीतून वसूल केली जात होती.

‘हेल ड्रायव्हर्स’चे खरे सामर्थ्य या कॅबच्या चित्रणात आहे. अनस्वर्थ यांचा कॅमेरा वारंवार चालकाच्या खांद्यामागून समोरच्या काचेकडे पाहतो. काचेची चौकट अरुंद, रस्ता गावातल्या गल्लीइतका, आणि समोरून त्याच कंपनीची गाडी परत येत असलेली. सुरुवातीला टॉमची परीक्षा घेतली जाते तो प्रसंग या दृष्टीने चित्रपटातला सर्वोत्तम मानावा लागेल. वृद्ध मेकॅनिक एड शेजारी बसला आहे. टॉम कसा चालवतो याविषयी त्याला फारशी चिंता नाही, किती वेळात पोहोचतो एवढेच त्याला पाहायचे आहे. कौशल्य आणि घाई यांतला भेद या धंद्यात कसा पुसला गेला आहे, हे एवढ्या एका प्रसंगाने सांगून टाकले आहे. स्टॅन्ली बेकर हे स्वतः दक्षिण वेल्समधील खाणकामगाराचे पुत्र. गिअर बदलताना, सुकाणूचक्र ओढताना त्यांच्या खांद्यांत जे दिसते ते नाट्यशाळेत शिकलेले वाटत नाही. याउलट मॅगूहन यांचा रेड दात विचकून, डोळे वटारून सतत खलनायकी करतो. तो लक्षात राहतो, परंतु एवढा दुष्ट माणूस समोर असला म्हणजे प्रेक्षकाला बारा खेपांच्या अटीबद्दल विचार करण्याची गरज उरत नाही. त्या अर्थाने मॅगूहन यांचा प्रभावी अभिनयच चित्रपटाच्या आशयाला मारक ठरला आहे.

वेगाच्या दृश्यांविषयी नेहमी एक आक्षेप घेतला जातो आणि तो रास्त आहे. कॅमेरा कमी गतीने चालवून ही दृश्ये टिपलेली असल्याने पडद्यावर गाड्या अस्वाभाविक वेगाने धावतात. काही ठिकाणी ते हास्यास्पद होते. परंतु या दोषाकडे दुसऱ्या बाजूनेही पाहता येते. कारण सुरक्षिततेचे असेल किंवा रस्त्यांच्या अवस्थेचे, त्या भरलेल्या गाड्यांना जो वेग देणे शक्य नव्हते तो कॅमेऱ्याला उसना द्यावा लागला. व्यवस्थापकाला अठरा खेपा हव्या होत्या, प्रेक्षकाला थरार हवा होता; दोघांच्याही मागणीपुढे गाडी अपुरी पडली.

चित्रपटाच्या चौकटीबाहेर राहिलेले

‘हेल ड्रायव्हर्स’च्याच वर्षी केन ह्यूझ यांचा ‘द लाँग हॉल’ हा मर्विन मिल्स यांच्या कादंबरीवर आधारलेला चित्रपट आला. लिव्हरपूलमध्ये स्थायिक झालेला अमेरिकन माजी सैनिक लांब पल्ल्याचा ट्रकचालक होतो आणि चोरट्या मालाच्या व्यवहारात ओढला जातो, अशी त्याची कथा आहे. येथे पल्ला लांब असल्याने रात्रीचा प्रवास, घरापासूनचा दुरावा, तुटत जाणारा संसार यांना जागा मिळाली. मात्र येथेही ट्रकचा धंदा गुन्हेगारीची पार्श्वभूमी एवढाच उरतो. दोन्ही चित्रपट एकत्र पाहिले असता असे जाणवते, की ब्रिटिश चित्रपटसृष्टीला ट्रकचालक दिसला तो गुन्ह्याच्या उजेडात. नियमाने काम करून, ११ तासांची नोंद भरून, रस्त्याकडेच्या कॅफेत चहा पिऊन दुसऱ्या गावी भाड्याच्या खाटेवर झोपणारा चालक तिच्या दृष्टीस पडला नाही. जीनोच्या व्यक्तिरेखेत ही शक्यता होती. परक्या देशात राहून पैसे साठवणारा, श्रद्धाळू, घरी परतण्याचे स्वप्न पाहणारा हा चालक हर्बर्ट लोम यांनी अतिशय संयमाने उभा केला आहे. पण पटकथेला तो हवा आहे नायकाच्या अपराधभावनेसाठी, आणि ते काम झाल्यावर ती त्याला मारून टाकते. युद्धानंतर ब्रिटनने परदेशी मजुरांकडून किती कामे करून घेतली याची जाण असणाऱ्या प्रेक्षकाला हा मृत्यू कथेपेक्षा मोठा वाटतो.

चित्रपटानंतरच्या दहा वर्षांत त्यातले जग वेगाने बदलले. डिसेंबर १९५८ मध्ये प्रेस्टन बायपास आणि नोव्हेंबर १९५९ मध्ये एम-१ हा महामार्ग खुला झाला. २० मैलांच्या हिशेबाने बेतलेल्या गाड्यांना आता तासन्‌तास पूर्ण वेगाने धावावे लागले. गार्डनरने १९५८ साली १५० अश्वशक्तीचे इंजिन आणले. १९६४ च्या नियमांनी जोडगाडीला ३२ टनांपर्यंत मुभा दिली आणि आठ चाकांच्या एकसंध गाडीचे लांब पल्ल्यावरचे राज्य संपत आले. फायबरग्लासच्या कॅब आल्या, मग इंजिनावरून पुढे उचलता येणाऱ्या कॅब आल्या. लेलँडची ‘एर्गोमॅटिक’ (१९६४) ही त्यांपैकी गाजलेली. तिच्या नावातच चालकाच्या सोयीची भाषा आहे. तरीही १९६७ साली स्वीडनच्या व्होल्व्होची एफ-८६ ब्रिटनमध्ये आली, तेव्हा चालकांना त्यातला ऊबदारपणा आणि गिअर बदलण्यातली सुलभता ही नवलाची वाटली. उत्तम इंजिन बनवणाऱ्या देशाने कॅबकडे दुर्लक्ष केले, आणि त्याची किंमत पुढील पंधरा-वीस वर्षांत फोडेन, एईसी, गाय, स्कॅमेल अशा एकेका नावाने मोजली. १९६८ च्या कायद्याने चालवण्याचे तास ११ वरून १० वर आणले. तास आपोआप नोंदवणारे टॅकोग्राफ यंत्र मात्र बराच काळ अडून राहिले. १९७९ मध्ये युरोपीय न्यायालयाने ब्रिटनविरुद्ध निकाल दिल्यावरच ते सक्तीचे करण्यात आले. विशेष म्हणजे त्याला ‘कॅबमधला हेर’ म्हणून विरोध करणाऱ्यांत चालकांची संघटनाही होती. खेपा आणि जादा तास यांवर घर चालवणाऱ्या माणसाला खरी नोंद ही संरक्षणापेक्षा धोक्याची वाटावी, यात रेडच्या आगारातील मनोवृत्ती शिल्लक राहिलेली दिसते. फरक एवढाच, की तेथे आता कोणी कार्टली नव्हता.

हॉलेट्सच्या प्रत्येक गाडीवर क्रमांक रंगवलेला आहे आणि कॅमेरा तो पुन्हा पुन्हा दाखवतो, कारण कथेला त्याची गरज आहे. त्या काळच्या ब्रिटिश मालट्रकच्या अंगावर आणखी एक आकडा लहान अक्षरांत लिहिणे बंधनकारक होते. तो असे रिकाम्या गाडीच्या वजनाचा.